ठशापासून फवाऱ्यापर्यंत

‘छापणें’ हा शब्द कानीं पडतांच सुशिक्षित मनुष्याच्या डोळ्यांपुढें कागद उभा राहतो. मुद्रणाचा इतिहास म्हणजे ग्रंथांचा इतिहास, अशीच आपली समजूत झालेली आहे. आणि आपल्याकडे तो इतिहास सांगावयास बसलेला लेखक गोव्यांत १५५६ सालीं जेसुइट पाद्र्यांनीं आणलेल्या मुद्रणयंत्रापासून आरंभ करतो. ग्रंथमुद्रणापुरतें तें खरेंच आहे. परंतु त्या यंत्राच्या आगमनापूर्वी कित्येक शतकें आपल्या देशांतील कारागीर लांकडाचा ठसा कोरीत, तो रंगाच्या गादीवर टेकवीत आणि त्याची मुद्रा नियमित अंतरानें उमटवीत चालले होते. मात्र कागदावर नव्हे, कापडावर. इजिप्तमध्यें कैरोलगतच्या जुन्या फुस्तात नगरीच्या भग्नावशेषांत गुजराथेकडील छापील सुती कापडाचे पुष्कळ तुकडे सांपडले आहेत. त्यांचा मोठा संग्रह ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयांत असून त्यांतील कांहीं तुकडे हजार वर्षांच्या जवळपास जुने ठरले आहेत. हे तुकडे राजवस्त्रांचे नव्हेत. साध्या माणसांच्या अंगावर झिजलेल्या, ठिगळें लावलेल्या कापडाचे ते आहेत. समुद्रापलीकडील सामान्य मनुष्य आपला माल वापरीत होता, ही गोष्ट राजदरबारच्या नजराण्यांपेक्षां अधिक बोलकी आहे.

ह्या जुन्या विषयाचें स्मरण होण्यास कारण एक नवें यंत्र आहे. शहरांतील लहानशा दुकानांतूनही हल्लीं असें यंत्र दिसतें, कीं ज्याच्या सपाट फळीवर शिवून तयार झालेला सदरा पसरतात आणि संगणकांतील चित्र कांहीं मिनिटांत त्या सद्ऱ्यावर जसेंच्या तसें उमटतें. ठसा नाहीं, रूळ नाहीं, जाळीची चौकट नाहीं. शाईचे सूक्ष्म थेंब फवारणारें एक डोकें तेवढें कापडावरून मागेंपुढें फिरतें. व्यवहारांत ह्यास ‘डीटीजी’ म्हणतात. थेट वस्त्रावर छापणें, एवढाच त्याचा अर्थ. हें यंत्र पाहणारा मनुष्य सहजच म्हणतो, कीं आतां छपाईची कला कोणालाही आली. ह्या उद्गारांत कितपत तथ्य आहे, हें पाहण्यासाठीं आम्ही वाचकांस थोडें मागें नेऊं इच्छितों.

कापड छापणें म्हणजे कापडावर रंग फांसणें नव्हे, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. सुती धागा स्वभावतः रंगाविषयीं उदासीन असतो. वरवर लावलेला रंग पहिल्या धुण्याबरोबर निघून जातो. मंजिष्ठेसारख्या मुळीचा तांबडा रंग धाग्याशीं कायमचा बांधला जावयाचा, तर मध्यें तुरटीसारख्या धातुक्षाराची मध्यस्थी लागते. हे रंगबंधक क्षार ज्यानें ओळखले, त्यानें रंगाच्या विद्येचें कुलूप उघडलें. मोहेंजोदडो येथें चांदीच्या भांड्यास चिकटून राहिलेला मंजिष्ठेच्या जातीच्या रंगाचा सुती तुकडा सांपडला आहे. यावरून ही विद्या आपल्याकडे किती जुनी आहे, याचा अदमास होतो. पहिल्या शतकांतील रोमन लेखक प्लिनी यानें इजिप्तमधील अशाच कृतीचें सविस्मय वर्णन केलें आहे. कापडावर आधीं कांहीं द्रव्यें लावतात, तीं डोळ्यांस दिसत नाहींत. मग तें कापड एकाच रंगाच्या कढईंत बुडवितात, आणि बाहेर येतें तेव्हां त्यावर निरनिराळे रंग उमटलेले असतात! ह्यांत जादू कांहींच नाहीं. एकाच मुळीच्या काढ्यांत तुरटी लावलेली जागा तांबडी होते आणि लोखंडाचा क्षार लावलेली जागा काळसर होते. छापणारा रंग छापीतच नसतो. तो रंगाचें निमंत्रण छापतो.

आपल्या चीटकारांनीं हेंच तत्त्व पराकोटीस नेलें. कोरें कापड प्रथम हिरड्याच्या काढ्यांत आणि म्हशीच्या दुधांत भिजवून सुकवीत. हिरड्यांतील तुरटपणामुळें क्षार धरून ठेवला जाई व दुधांतील स्निग्धतेमुळें द्रव इकडेतिकडे पसरत नसे. नंतर काळ्या रेषेसाठीं लोखंडाचा आणि तांबड्यासाठीं तुरटीचा लेप ठशानें अथवा कलमानें लावावयाचा, मग ‘चाय’ नांवाच्या मुळीच्या काढ्यांत उकळावयाचें. निळ्यासाठीं उरलेला भाग मेणानें झांकून निळीच्या हौदांत बुडवावयाचें, मेण काढावयाचें, पुन्हां धुवावयाचें, उन्हांत वाळवावयाचें. पूर्व किनाऱ्यावरील मच्छलीपट्टणच्या बाजूस ह्या क्रियेस आठवडेच्या आठवडे लागत. त्यांत पाण्याचा गुण, उन्हाची तीव्रता, मुळीचें वय, हें सर्व हातानें, डोळ्यांनीं आणि जिभेनें ओळखावयाचें असे. ही विद्या पुस्तकांत नव्हती. बापापासून मुलाकडे, सासूपासून सुनेकडे ती चालत आलेली होती.

आमच्या महाराष्ट्रालाही ह्या धंद्याचा शेजार होता. तापीकांठचें बऱ्हाणपूर हें मोगलांच्या खानदेश सुभ्याचें राजधानीचें शहर. सतराव्या शतकांतील फ्रेंच जवाहीर-व्यापारी ताव्हर्निये यानें तेथील तलम व फुलांच्या रंगीत नक्षीच्या कापडाचें वर्णन केलें असून तें इराण, तुर्कस्तान, पोलंड येथपर्यंत जात असे, असें नमूद केलें आहे. माळव्यांतील सिरोंजच्या चिटाविषयीं तो सांगतो, कीं तेथील नदीच्या पाण्यानें धुतलें असतां रंगास विशेष तेज चढतें. भाषाही साक्ष देते. आपल्या आज्या ज्याला ‘चीट’ म्हणत, तोच शब्द इंग्रजींत ‘चिंट्झ’ झाला आणि डच भाषेंत ‘सिट्स’ झाला. परदेशीं माल गेला म्हणजे त्याच्या पाठीवर बसून शब्दही जातो.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ह्या चिटानें युरोपास अक्षरशः वेड लावलें. तिकडे तोंवर रंगीत कापड म्हणजे जड रेशीम किंवा लोकर. धुतलें कीं फिकें होणारें. हलकें, स्वस्त, आणि धुतल्यानें उलट उजळणारें सुती कापड तेथील स्त्रियांना स्वप्नासारखें वाटलें असल्यास नवल नाहीं. परंतु तेथील विणकऱ्यांचा धंदा बुडूं लागला, तेव्हां राजसत्तेनें कायद्याचें शस्त्र उपसलें. फ्रान्सनें १६८६ सालीं छापील कापडावर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडनें १७०० सालच्या कायद्यानें रंगीत व छापील हिंदी कापडाची घरगुती वापरासाठीं होणारी आयात थांबविली. तेवढ्यानेंही भागेना. १७१९ सालीं लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागांतील रेशीम विणकऱ्यांनीं रस्त्यांतून जाणाऱ्या स्त्रियांच्या अंगावरील चिटाचीं वस्त्रें फाडलीं; आणि १७२१ सालीं छापील सुती कापड नेसणें हाच गुन्हा ठरविण्यांत आला. तो कायदा १७७४ सालीं उठला. मात्र आपल्या माणसांस नको असलेला हा माल परदेशीं विकण्यास इंग्रज कंपनीस मोकळीक होती. आणि पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ह्याच कापडाच्या मोबदल्यांत माणसें विकत घेतलीं जात होतीं, हें इतिहासानें विसरूं नये. सुंदर वस्तूचा प्रवास नेहमींच सुंदर असतो असें नाहीं.

बंदीचा परिणाम काय झाला? रेशीम विणकऱ्यांचा धंदा तिच्यामुळें अमर झाला नाहीं. झालें तें असें, कीं हिंदी मालास दार बंद झाल्यामुळें तशीच नक्कल स्वदेशीं करण्याचा उद्योग इंग्लंडांत जोरानें वाढला. ह्या उद्योगास माल नव्हे, तर विद्या हवी होती, आणि ती मिळविण्याचे प्रयत्न आधींपासूनच चालू होते. १६७८ च्या सुमारास जॉर्ज रोक या फ्रेंच व्यापाऱ्यानें अहमदाबादेकडील ठशांच्या छपाईची टिपणें लिहून ठेवलीं. १७३४ च्या सुमारास बोल्यू नांवाच्या फ्रेंच अधिकाऱ्यानें पांडेचेरीस एका कारागिराकडून चिटाचें काम करवून घेतलें आणि प्रत्येक क्रियेनंतर कापडाचा एकेक तुकडा कापून वर्णनासोबत जोडला. १७४२ सालीं पाद्री केर्दू यानें, ख्रिस्ती झालेल्या रंगाऱ्यांकडून माहिती काढून, ती पत्ररूपानें फ्रान्सला धाडली. तें पत्र पुढें छापून प्रसिद्ध झालें.

येथें आम्ही वाचकांस क्षणभर थांबण्याची विनंती करतों. व्यापाऱ्याचें नांव आपणांस ठाऊक आहे, अधिकाऱ्याचें ठाऊक आहे, पाद्र्याचें ठाऊक आहे. ज्याच्या हातून ती विद्या बाहेर पडली, त्या रंगाऱ्याचें नांव कोणींच लिहून ठेवलें नाहीं. त्यानें आपलें मर्म दोन पैशांसाठीं सांगितलें, भीतीनें सांगितलें, कीं गुरूला शिष्य मिळाल्याच्या भोळ्या आनंदानें सांगितलें, हें आतां कळण्यास मार्ग नाहीं. एवढें मात्र निश्चित, कीं जी विद्या शेंकडों वर्षें हातांत होती, ती कागदावर उतरली, आणि कागदावर उतरलेल्या विद्येला मालक राहत नाहीं.

पुढची पायरी यंत्राची. १७५२ सालीं डब्लिनजवळ ड्रमकाँड्रा येथें फ्रान्सिस निक्सन यानें कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यांनीं कापड छापलें. लांकडी ठशास न साधणारी बारीक रेषा त्यामुळें साधूं लागली. अशाच तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरें कोरून मिरजेस १८०५ सालीं भगवद्गीता छापली गेली, हें आमच्या वाचकांपैकीं कांहींना माहीत असेल. १७६० सालीं ओबरकाम्प यानें फ्रान्समध्यें जुई गांवीं आपला प्रसिद्ध कारखाना काढला. परंतु खरी क्रांति १७८३ सालची. त्या वर्षी टॉमस बेल या स्कॉटिश गृहस्थानें कोरीव तांब्याच्या रुळांनीं छापण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें, आणि दोनच वर्षांनीं तें लँकेशायरमध्यें चालूं लागलें. कापूस-उद्योगाचा इतिहासकार एडवर्ड बेन्स १८३५ सालीं लिहितो, कीं असल्या एका यंत्रावर एक मनुष्य व एक पोऱ्या मिळून, हातानें ठसे मारणाऱ्या शंभर कारागिरांचें आणि त्यांच्या तितक्याच मदतनीस पोरांचें काम उरकतात.

ह्या रुळाचा एक स्वभावधर्म होता, त्याकडे फारसें लक्ष दिलें जात नाहीं. रूळ कोरण्यास खर्च फार आणि छापण्यास खर्च थोडा. म्हणून एकदां कोरलेली नक्षी हजारों वार कापडावर उमटविल्यावांचून परवडत नसे. ठसेवाला एका गांवच्या बायकांना आवडणारी वेलबुट्टी पन्नास लुगड्यांपुरती छापूं शके. रूळवाल्याला एकच वेलबुट्टी पन्नास गांवांना आवडावयास लावणें भाग होतें. त्यासाठीं गिऱ्हाइकाची रुचि जाणून घेणें आलें. १८६६ सालीं इंडिया ऑफिसमधील जॉन फोर्ब्स वॉटसन यानें हिंदी कापडाचे सातशें अस्सल नमुने अठरा खंडांत बांधले, आणि अशा वीस प्रतींपैकीं तेरा ब्रिटनमध्यें व सात हिंदुस्थानांत ठेवल्या. ह्या ग्रंथांना लोक फिरतें संग्रहालय म्हणत. त्यांचा उघड उद्देश असा, कीं विलायतेंतील गिरणीवाल्यानें तो तुकडा पाहावा, आणि येथील माणसास रुचेल असा माल बनवावा. आमच्या पूर्वजांच्या अंगावरील वस्त्रें कापून तयार केलेला हा ग्रंथ आज संशोधकांस अमूल्य वाटतो. कारागिरास मात्र तो मृत्युपत्रासारखा ठरला.

तरीही सर्व दोष यंत्रास देणें न्यायाचें होणार नाहीं. रंगाऱ्याच्या हातांत शेवटचा एक हुकमी पत्ता उरला होता, तो म्हणजे रंग. तोही प्रयोगशाळेनें काढून घेतला. १८६८-६९ मध्यें ग्रेब व लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनीं मंजिष्ठेंतील रंगद्रव्य कृत्रिम रीतीनें तयार केलें, आणि १८९७ सालीं कृत्रिम नीळ बाजारांत आली. मुळी खणणारा, नीळ पेरणारा, काढा ओळखणारा, सारेच एकामागून एक अनावश्यक झाले. त्याचबरोबर हेंही मान्य केलें पाहिजे, कीं रंगीत वस्त्र ही पूर्वी ज्या गरिबास सणावारींच मिळणारी चैन होती, ती त्यास रोज मिळूं लागली. जो लेखक कारागिराचें दुःख सांगतो आणि शेतमजुराच्या बायकोच्या अंगावरील नव्या चोळीचा आनंद सांगत नाहीं, तो अर्धाच इतिहास सांगतो.

विसाव्या शतकांत जाळीच्या चौकटीची छपाई आली. मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यानें १९०७ सालीं तिचें पेटंट घेतलें. १९६३ मध्यें डच कंपनी स्टॉर्क हिनें फिरत्या जाळीचा नळा आणला, तेव्हांपासून रुळाचें राज्य संपत गेलें. आणि शतक संपतां संपतां फवारा आला. तयार कपड्यावर शाईच्या फवाऱ्यानें छापण्याच्या यंत्रासाठीं अमेरिकेंत १९९६ सालीं पेटंटचा अर्ज झाला व २००० सालीं पेटंट मिळालें. पुढील दशकांत जपानी व इस्रायली कंपन्यांनीं तीं यंत्रें जगभर पोंचविलीं.

ह्या यंत्राची कृति नीट पाहिली, तर इतिहासाच्या अभ्यासकास मोठी मौज वाटते. गडद रंगाच्या सुती सद्ऱ्यावर तें यंत्र एकदम छापूंच शकत नाहीं. प्रथम कपड्यावर एक पातळ द्रव फवारून इस्त्रीसारख्या तापत्या दाबाखालीं सुकवावा लागतो. त्या द्रवांत बहुधा कॅल्शियमसारख्या धातूचा क्षार असतो. त्याच्या स्पर्शानें शाईचा थेंब जागच्या जागीं थिजतो आणि धाग्यांत पसरत नाहीं. मग पांढऱ्या शाईचा थर, त्यावर निळा, किरमिजी, पिवळा व काळा ह्या चार शायांचे थेंब. आणि शेवटीं सुमारें १६० अंश सेल्सिअस उष्णतेवर भाजणी. हिरडा-दुधाचें भिजवण आणि तुरटीचा लेप यांची आठवण कोणास होणार नाहीं? कापड आधीं तयार केल्यावांचून रंग धरीत नाहीं, आणि धातूच्या क्षारावांचून रेषा ठाम राहत नाहीं, हे दोन्ही नियम संगणकाच्या युगांतही पाळावे लागतात.

परंतु साम्य येथें संपतें. चिटांतील रंग क्षाराशीं संयोग पावून धाग्याच्या अंगांत उतरलेला असतो. ह्या फवाऱ्याचा रंग म्हणजे अतिसूक्ष्म पूड, ती एका चिकट राळेनें धाग्याच्या पृष्ठावर बसविलेली असते. एक धाग्याचा सोयरा होतो, दुसरा पाहुणा राहतो. म्हणूनच शंभर-दोनशें वर्षांपूर्वींची चीट अहमदाबादच्या कॅलिको संग्रहालयांत आजही टवटवीत दिसते; नव्या छापास ही परीक्षा अजून द्यावयाची आहे.

ह्या यंत्राचा एक मोठा गुण आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. रुळानें जी गोष्ट हिरावून घेतली होती, ती त्यानें परत दिली. एकच सदरा, एकाच माणसासाठीं, एकाच प्रसंगापुरता छापणें पुन्हां शक्य झालें. कोरण्याचा खर्च नाहीं, म्हणून हजारों वारांची सक्ति नाहीं. न खपलेल्या मालाचे ढीग नाहींत. लहान गांवांतील एखादा होतकरू चित्रकार भांडवलावांचून आपलें चित्र वस्त्रावर आणूं शकतो. ठसेवाल्याचें स्वातंत्र्य अडीचशें वर्षांनीं यंत्रवाल्यास मिळालें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

प्रश्न आहे तो ठसेवाल्याचा. संगणकाला नक्षी हवी असते, नक्षीमागील विद्या नको असते. बोल्यूला निदान कारागिराजवळ उभें राहावें लागलें होतें, केर्दूला त्याच्याशीं बोलावें लागलें होतें. आज एक छायाचित्र पुरतें. कच्छमधील अज्रख, राजस्थानांतील बगरू, आंध्रांतील मच्छलीपट्टण, ह्यांच्या नक्ष्या कृत्रिम धाग्याच्या कापडावर मिनिटांत छापल्या जाऊन बाजारांत येतात, आणि गिऱ्हाइकास अस्सल कोणतें व नक्कल कोणती हें कळत नाहीं. भौगोलिक निर्देशांचा कायदा १९९९ सालीं झाला, तो २००३ पासून अंमलांत आला, आणि मच्छलीपट्टणची कलमकारी त्याखालीं नोंदलीही गेली आहे. परंतु तो कायदा मुख्यतः नांवाचें रक्षण करतो. नांव न घेतां नुसती नक्षी उचलणाऱ्याचा हात धरणें त्यास कठीण जातें.

मग अशी छपाई बंद पाडावी काय? कित्येक कलाप्रेमी मंडळींचा कल इकडे दिसतो. आम्हांस १७२१ चा कायदा आठवतो. त्या कायद्यानें ज्यांस वांचवावयाचें होतें त्यांस वांचविलें नाहीं, आणि ज्यांस अडवावयाचें होतें त्यांच्याच विद्येवर नवा उद्योग उभा केला. बंदीनें कला टिकत नाहीं. टिकते ती तीन गोष्टींनीं: विद्या पुढच्या पिढीस मिळाली तर, करणाऱ्याचें नांव व दाम त्यास पोंचलें तर, आणि घेणाऱ्यास फरक कळला तर. कच्छमध्यें २००१ च्या भूकंपानंतर धमडका गांवच्या अज्रख छापणाऱ्या कुटुंबांस पाण्याची अडचण पडली. तेव्हां त्यांच्यांतील अनेकांनीं पाणी पाहून नवी जागा घेतली, अज्रखपूर नांवाचें गांव वसविलें आणि ठसे पुन्हां हातीं धरले. ताव्हर्नियेनें सिरोंजच्या नदीविषयीं जें लिहिलें, त्याचा अर्थ ह्या लोकांना न वाचतां ठाऊक होता. विद्या जिवंत असली, म्हणजे ती गांव बदलूनही जगते.

पहिल्या दोन गोष्टी सरकारच्या, संस्थांच्या व कारागिरांच्या हातीं आहेत; तिसरी मात्र सर्वस्वी आपल्या घरांतील आहे. फरक ओळखण्यास पंडित व्हावें लागत नाहीं. कापड उलटें करून पाहावें: फवाऱ्याचा छाप बहुधा एका अंगासच राहतो, हाताच्या छापाचा रंग मागें उतरलेला दिसतो, आणि उत्तम अज्रख तर कित्येकदां दोन्ही अंगांनीं छापलेला असतो. नक्षीची पुनरावृत्ति निरखावी: दोन ठसे जेथें मिळतात तेथें केसभर अंतर किंवा केसभर चढ असावयाचाच. आपण ज्याला दोष समजतों, ती त्या माणसाची सही असते. ज्या रंगाऱ्याचें नांव पांडेचेरीच्या कागदपत्रांत कोणीं लिहिलें नाहीं, त्याचीही सही एवढीच उरलेली आहे.

फवाऱ्याचा सदरा घेऊं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. मुलांच्या हौसेचे सदरे त्यावर छापून घ्यावेत, चित्रकारानें आपलीं चित्रें त्यावर उतरवावीं. मात्र लग्नाकार्यांत आहेर म्हणून जेव्हां हातछपाईच्या भावानें आपण कापड घेतों, तेव्हां तें उलटें करून पाहण्याचा, आणि तें कोणत्या गांवीं, कोणाच्या हातून छापलें, हें दुकानदारास विचारण्याचा संकोच धरूं नये. दुकानदारास उत्तर देतां आलें नाहीं, तरी दुसऱ्या गिऱ्हाइकानें तोच प्रश्न विचारला कीं तो उत्तर शोधून ठेवील. तीन शतकांपूर्वी परदेशीं माणसें आपल्या रंगाऱ्यांना प्रश्न विचारीत आलीं. आतां ते प्रश्न आपणच विचारावयास हवेत.